अक्काचा तिसरा मार

“पडद्यावर काय बघतोस? माणूस बघ की.”

अक्का हे खेळता खेळता म्हणायची. म्हणताना तिची नजर शेजारी बसलेल्या गड्याच्या हातांच्या अंगठ्यांवर असायची. समोर टीव्हीवर माणसं एकमेकांना तुडवतायत, मागं पोरं आरडाओरडा करतायत, आणि ही बाई शेजाऱ्याचे हात निरखत बसलेली. मध्येच एक बटण दाबायची. शेजाऱ्याचा गडी आडवा.

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. एकदा ते लिहायची वेळ आली होती, तेव्हा मी त्या जागी दुसऱ्याचं नाव लिहिलं. आता लिहून कुणाचं भलं होणार आहे? आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, तेवढं पुरे. आणि हेही आधीच सांगतो की हे मी रागानं लिहितो आहे. राग कुणाकुणावर, ते तुम्हाला कळत जाईल.

जुळे सोलापुरात एका मेडिकलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, आमचा गेमिंग कॅफे होता. म्हणजे मालकाचा. मी काउंटरला बसायचो. चार टीव्ही, आठ खुर्च्या आणि नेमका एप्रिलात बंद पडणारा एक एसी. रस्त्यापलीकडं रक्त तपासायची लॅब होती. अक्का तिथली. सकाळी सहापासून स्कूटीवरून घरोघर फिरून रक्त घ्यायची, बाराच्या सुमाराला नमुने लॅबमध्ये पोचवायची आणि मग तिला दीड तास मोकळा मिळायचा. वय छत्तीस. माहेर मंद्रूपचं, घरी मेंढरं आणि थोडी शेती. सासर इथलंच. पेशंटशी ती शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध बोलायची. “मूठ आवळा. आता सोडा. झालं.” खेळायला बसली की मात्र मंद्रूप बाहेर यायचं.

पहिल्यांदा ती वर आली ती मालकाची शुगर तपासायला. आमचे मालक अंगानं दांडगे, पण सुई बघितली की डोळे गच्च मिटायचे आणि हात असा ताठ करायचे की शीर सापडू नये. अक्कानं पट्टा बांधला आणि विचारलं, “मालक, खाली ती पांढरी गाडी तुमचीच का? तिच्या चाकात हवा नाहीये.”

“कुठली गाडी?” म्हणून मालकांनी डोळे उघडले, खिडकीकडं मान वळवली, आणि तेवढ्यात सुई आत जाऊन रक्त नळीत यायलाही लागलं. गाडीच्या चाकात हवा भरपूर होती.

कापूस दाबून धरता धरता तिनं टीव्हीकडं बघितलं. तिथं एक जण खेळत होता. ती मला म्हणाली, “ह्यो पायाला मार बसला की दरवेळी उडी का मारतोय?”

खेळणारा आमचा कॅप्टन होता. कॅफेतला सगळ्यात भारी खेळाडू. ‘कॅप्टन’ हे त्यानं स्वतःच टी-शर्टावर छापून घेतलं होतं. दोन वर्षं तो रोज येत होता आणि दोन वर्षं मी त्याचा खेळ रोज बघत होतो. तो पायाला मार बसला की उडी मारतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यालाही त्याच दिवशी कळलं असावं, कारण त्यानं खेळ थांबवून मागं वळून बघितलं. त्याला ते आवडलं नव्हतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो. दोघं खेळतात, पण प्रत्येकाकडं तीन-तीन गडी असतात. एक पुढं लढतो, दोघं मागं तयार असतात. बटण दाबलं की मागचा एक जण उडी मारून येतो, दोन तडाखे देतो आणि परत जातो. समोरच्यानं मार अडवायचा असतो. वरून येणारा मार उभं राहून अडवायचा, पायाला येणारा बसून. आणि नुसता अडवतच बसला, तर जवळ जाऊन त्याला पकडून आपटता येतं. वरचा मार, खालचा मार आणि पकड, एवढंच. मागचा गडी तडाखे देत असतो तेव्हा समोरचा जागेवर खिळून असतो, आणि त्या क्षणभरात त्याला ओळखायचं असतं की तिन्हींपैकी काय येणार. पोरं याला मिक्सअप म्हणतात.

बाकी सगळे समजायचे, की हा खेळ बोटांचा आहे. अक्काची बोटं तशी मंदच. आमची पोरं वीस-वीस तडाख्यांची साखळी लावायची, तिला चारच्या पुढं कधी जमली नाही. हातातल्या बटणांच्या पॅडला ती शेवटपर्यंत रिमोट म्हणत राहिली. गड्यांची नावंही तिची तिनंच ठेवली होती. जाडा तो ‘पोतं’, उंच तो ‘काडी’, आणि तलवारवाली बाई ती ‘वन्सं’. “वन्संला मागंच ठेवायचं,” म्हणायची, “लागंल तवाच बोलवायचं.” खेळायच्या आधी साबणानं दोनदा हात धुवायची. डबा उघडला की भाकरी आणि शेंगाचटणी सगळ्यांपुढं करायची, आणि चटणीच्या हातानं पॅड धरलं तर मात्र ओरडायची.

तीन महिन्यांत ती कॅफेतल्या सगळ्यांना हरवायला लागली.

मी एकदा विचारलं, “अक्का, तुम्हाला कळतं कसं?”

“कळत काय न्हाय. मी शिकवते.”

“म्हणजे?”

“दोनदा शिकवायचं, तिसऱ्यांदा विचारायचं. दोनदा पायाला मारायचं. लागलं तरी चालतंय, न्हाय लागलं तरी चालतंय. त्याला वाटलं पायजे की ही बाई पायालाच मारती. तिसऱ्यांदा वन्संला बोलवायचं, आन् बघायचं. गडी आधीच बसलेला असतोय. मग वरनं.”

“आणि नाही बसला तर?”

“मग भ्यायलेला असतोय. भ्यायलेला हात हालवत न्हाय. त्याला पकडायचं.” मग म्हणाली, “आमच्याकडं बी तसंच हाय की. एकदा सुई चुकली तर चुकली. दुसऱ्यांदा त्यो माणूस सुईला भीत न्हाय, मला भितोय.”

मी काउंटरखालची एक शंभर पानी वही काढली आणि ती जे बोलेल ते त्यात उतरवायला लागलो. कोण उडी मारायच्या आधी श्वास धरतो, कोण हरायला लागला की खुर्ची पुढं ओढतो. “मार बसला की गड्याला लगीच उत्तर द्यायचं असतंय. ते कुटनं येणार एवढंच बघायचं.” असं बरंच. तिला ते लिहिणं गमतीचं वाटायचं. “काय रे, माझी पोथी लिहितोस व्हय?” म्हणायची.

त्याच उन्हाळ्यात माझ्या वडिलांना ताप धरला होता. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, अक्का आमच्या घरी आली. वडिलांची शीर सापडत नव्हती. तिनं त्यांचा हात पाच मिनिटं नुसता आपल्या दोन्ही हातांत धरून ऊब दिली आणि त्यांच्याशी म्हशींच्या भावाबद्दल बोलत राहिली. संध्याकाळी रिपोर्टही स्वतः आणून दिला. आईनं तिची ओटी भरली. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढं मी जे केलं ते या बाईच्या बाबतीत केलं, हे तुम्हाला माहीत असावं.

पुण्यात मोठी स्पर्धा होती. प्रत्येक कॅफेतून एकच नाव जाणार होतं. मालकांनी कॅफेतच सामने लावले. आठवडाभर दुपारी खेळून शेवटी अक्का आणि कॅप्टन उरले. अक्कानं त्याला पाच-दोन हरवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कॅप्टननंही वाजवल्या, दोनच.

अक्कानं लॅबमधून दोन दिवसांची रजा घेतली. नवरा सोबत जाणार होता. “त्यांनी मला खेळताना कदी बघितलंच न्हाय,” ती मला म्हणाली. त्या दिवशी तिच्या बोलण्यात जरा लाज होती, आणि एवढा आनंद मी तिच्या चेहऱ्यावर नंतर बघितला नाही.

ज्या इमारतीत आमचा कॅफे होता ती कॅप्टनच्या वडिलांची होती. मालकांना त्यांचा फोन आला. फोन ठेवून मालक काउंटरपाशी आले आणि म्हणाले, “फॉर्म भरलास का?”

“भरतोच आहे.”

“कॅप्टनचं नाव घाल.”

मी त्यांच्याकडं बघितलं.

“अरे, बाईला पाठवून कॅफेचं काय नाव होणार आहे? चाळिशीला आलेली बाई. लोक हसतील. घाल म्हणतो ना.”

मी नाव घातलं. माझ्या या बोटांनी. मला कुणी धाक घातला नव्हता, नोकरी जाईल असंही कुणी म्हटलं नव्हतं. मालक निघता निघता म्हणाले, “आणि तिला सांग, वयाची अट आहे म्हणून.”

तेही मी सांगितलं. “तीसच्या आतलंच लागतं, अक्का. आत्ताच कळलं.”

ती माझ्याकडं बघत होती. ज्या बाईला श्वासावरून माणूस कळतो, तिला माझं खोटं कळलं नसेल असं मला आजही वाटत नाही. “बरं,” ती म्हणाली. “मग रजा रद्द करते.”

दोन दिवसांनी कॅप्टननं मला वही मागितली. मी दिली.

पुण्यात तो दुसरा आला. परत आल्यावर कॅफेत केक कापला, मालकांनी ट्रॉफी काउंटरच्या मागं लावली. आणि कॅप्टन व्हिडिओ करायला लागला. समोरच्याचं मन कसं ओळखायचं, मिक्सअप कसा रचायचा, घाबरलेल्या खेळाडूचं काय करायचं. एकामागून एक. मी ते बघत होतो आणि माझ्या वहीची पानं एकेक करून उलटत होती. शब्द सगळे तिचे. फक्त ‘हाय’चं ‘आहे’ केलेलं, ‘न्हाय’चं ‘नाही’. वन्सं काढून टाकलेली. “ही माझी स्वतःची पद्धत आहे मित्रांनो,” असं तो सुरुवातीलाच सांगायचा. व्हिडिओखाली लोक त्याला गुरू म्हणत होते. मला तेव्हा राग आला होता, पण तो मी कुणालाही दाखवला नाही. असला राग काय कामाचा?

महिनाभरानं एके दिवशी अक्का नेहमीच्या वेळी आली, पण डबा आणला नव्हता. कॅप्टन खेळत होता. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

“सकाळी एका फ्लॅटवर गेले होते,” ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा. “पोरगी कॉलेजची हाय. सुई बघवत न्हाय म्हणून मोबाइल बघत बसली होती. मोबाइलात तू होतास. ‘मार बसला की खेळाडूला लगेच उत्तर द्यायचं असतं’ म्हणत होतास.”

कॅप्टन खेळतच राहिला.

“लाव की,” ती म्हणाली. “पाच जिंकंल त्यो.”

दहा-बारा जण होते, सगळे खुर्च्या ओढून मागं उभे राहिले. पहिला सामना कॅप्टननं जिंकला. दुसराही. काय चाललंय ते तिथं मला एकट्याला दिसत होतं. तो वही खेळत होता. तिनं दोनदा पायाला मारलं की तो तिसऱ्यांदा उभाच राहायचा आणि तिचा वरचा मार अडवून उलट मारायचा. तिची सगळी पोथी त्यानं पाठ केली होती. पोरं हसायला लागली. “अक्का, आज साखर कमी झाली काय?” कुणीतरी म्हणालं.

तिसऱ्या सामन्यात तिनं दोनदा पायाला मारलं, वन्संला बोलावलं, कॅप्टन उभा राहिला, आणि तिनं तिसऱ्यांदाही पायालाच मारलं.

त्यानंतर त्याला एकही सामना मिळाला नाही. तो वहीप्रमाणं गेला की ती वहीबाहेर असायची, तो वही सोडायचा तेव्हा ती वहीत. पहिले दोन सामने तिनं त्याला काय शिकवलं होतं ते आता सगळ्यांना कळायला लागलं. मागच्या पोरांचं हसू हळूहळू थांबलं. कॅप्टनच्या मानेवरची शीर उडत होती.

तिला पाचवा विजय हवा होता त्या सामन्यात दोघांचा एकेकच गडी उरला. तिच्या पोत्याचा जीव त्याच्या गड्यापेक्षा बोटभर जास्त, आणि घड्याळात वीस सेकंद; वेळ संपली की ज्याचा जीव जास्त तो जिंकतो. कॅप्टनचा गडी खाली बसून अडवत होता. अक्कानं रिमोट मांडीवर ठेवला. पर्समधून रुमाल काढला आणि हात पुसायला लागली, एकेक बोट, सावकाश.

पोतं नुसतं उभं होतं. त्याला कुणीही, अगदी आमच्या मालकांनीसुद्धा, जाऊन मारलं असतं. कॅप्टनला फक्त पुढं जायचं होतं, एक मार द्यायचा होता. तो हलला नाही. हाही काहीतरी डाव असणार, हे त्याच्या डोक्यातून निघेना. पंधरा, दहा, पाच. तो बसून, समोरून न येणारा मार अडवत राहिला, आणि वेळ संपली.

मी या खेळात पुष्कळ बघितलंय. पण हात न लावता कुणी कुणाला हरवलेलं पुन्हा बघितलं नाही.

कॅप्टननं खुर्चीला लाथ मारली आणि तोंडाला येईल ते बोलला. घरात नवरा आहे का नाही, दुपारचं पोरांत येऊन बसायची हौस कसली, असल्या थाटाचं. मी ते सगळं लिहीत नाही. मागं दोघंतिघं हसले. खरं सांगायचं तर माझेही ओठ हलले. का हलले ते मला सांगता येणार नाही. तिनं ते बघितलं.

“वही कुणी दिली?” तिनं विचारलं.

तिनं काउंटरवरच्या माझ्या हातांकडं बघितलं, तेवढंच. “बरं,” म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला बोलावलं. “तिला सांग, उद्यापासून येऊ नको म्हणावं. पोरांचं मन खचतंय.” आणि मी ते सांगायला जिन्यात उभा राहिलो. तीन पायऱ्या खाली ती, वर मी.

“मालकानं सांगितलं?” तिनं विचारलं.

“हो. मालकांनीच.”

“वयाचं बी मालकानंच सांगितलं होतं?”

“हो.”

“आन् वही?”

मी खाली बघितलं.

“तुझ्या बापाला बरं हाय का आता?” ती म्हणाली. मी मान हलवली. ती वळून गेली. ती ओरडली असती, मला चार शिव्या दिल्या असत्या, तर मी तिच्या पाया पडून मोकळा झालो असतो. तिनं तेवढी सोय ठेवली नाही.

त्यानंतर मी आणखी आठ महिने त्याच काउंटरवर बसलो. तुम्हाला वाटलं असेल मी त्याच दिवशी नोकरी सोडली. नाही सोडली. ट्रॉफीवरची धूळ मीच पुसायचो. कॅप्टन पुढं त्याच व्हिडिओंवर मोठा झाला, मुलांना शिकवायला जातो म्हणे. मालक आता दुसरीकडं दुकान चालवतात आणि भेटले की “काय तो खेळ झाला होता रे त्या दिवशी” असं कौतुकानं सांगतात, जणू त्यांनीच तो भरवला होता. लॅब बंद झाली. अक्का कुठं गेली ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

गेल्या वर्षी कामानिमित्त मी मंद्रूपला गेलो होतो. आठवडी बाजाराचा दिवस होता. भाजीच्या रांगेत ती दिसली. केस थोडे पिकलेले, सोबत तेरा-चौदा वर्षांची मुलगी. आता गावातल्याच एका दवाखान्यात रक्त घेते, असं नंतर कळलं. मी पुढं गेलो. चार वर्षं मनात घोळवलेलं सगळं आता सांगायचं होतं.

“अक्का,” मी म्हणालो.

तिनं बघितलं. ओळखलं. घाई नाही, राग नाही.

“कोन हायेत, आई?” मुलीनं विचारलं.

“आमच्या जुन्या लॅबसमोर कामाला होते,” ती म्हणाली.

“अक्का, त्या वेळी मी जे...”

“तुमी काय घेणार हाय?” ती म्हणाली. “हिची भेंडी चांगली हाय बगा. कवळी हाय.”

भाजीवालीनं तराजू उचलून माझ्याकडं बघितलं. मी अर्धा किलो म्हणालो. अक्कानं त्यातल्या दोन जून भेंड्या स्वतः निवडून बाजूला काढल्या, पिशवी माझ्या हातात दिली, आणि म्हणाली, “निघा तुमी. यष्टीला गर्दी हुती पुढं.”

पहिल्या दिवसापासून ती मला ‘तू’ म्हणत आली होती. जिन्यात उभी होती तेव्हासुद्धा.

मी पिशवी घेऊन निघालो. मागं मुलगी काहीतरी विचारत होती आणि अक्का तिला कोथिंबिरीचा भाव सांगत होती.